क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० परवाने: दुसऱ्याचा तांत्रिक लेख अनुवादित करणाऱ्याला ते कितपत पुरतात?

डेटाबेसमधला इंडेक्स नेमका कसा चालतो हे उलगडून सांगणारा एखादा उत्तम लेख सापडतो, तो आपल्या भाषेत आणायचं ठरतं, आणि लेखाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'सीसी बाय-एनसी-एसए ४.०' अशी ओळ दिसते. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स: आपलं साहित्य इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगण्यासाठी लेखकाने लावायचे तयार परवाने. त्या ओळीने आपल्याला काय दिलं, काय दिलं नाही आणि अनुवाद प्रसिद्ध करताना ती आपल्याकडून काय मागते, हे तपासण्यासाठी हे परीक्षण. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सहा परवान्यांची ४.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. ती इथे रोजच्या वापरातल्या एखाद्या साधनासारखी हाताळून पाहिली आहे, तीही फक्त अनुवादकाच्या बाजूने. छायाचित्रकाराला किंवा संगीतकाराला यातल्या काही गोष्टी वेगळ्या दिसतील.

साधनाची गरज का पडते, ते आधी. १८८६ च्या बर्न कराराचं आठवं कलम अनुवाद करण्याचा आणि करू देण्याचा हक्क फक्त मूळ लेखकाला देतं. जगातले बहुतेक देश या करारात आहेत. हा हक्क मिळायला नोंदणी लागत नाही, कॉपीराइटचं चिन्ह छापावं लागत नाही. पाचव्या कलमाने ती अटच काढून टाकली आहे. त्यामुळे लेखाच्या तळाशी काहीच लिहिलेलं नसेल तर तो लेख मोकळा नसून त्याचे सगळे हक्क राखीव आहेत असं धरायचं. करारातली किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची आहे, म्हणजे मुदत संपेपर्यंत थांबणं तांत्रिक लेखाच्या बाबतीत निरर्थक. 'फुकट वाचायला मिळतो', 'मी यातून एक पैसा कमावत नाही', 'मूळ लेखाचा दुवा दिला आहे' यांपैकी एकही सबब परवानगीची जागा घेत नाही. लेख गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळावरच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या साठ्यात) असला तरी फरक पडत नाही: तिथे परवान्याची फाइल नसेल तर गिटहबच्या अटींनुसार इतरांना तो पाहता येतो आणि गिटहबवरच फोर्क करता येतो (म्हणजे आपल्या खात्यात त्याची प्रत घेता येते), त्याचा अनुवाद दुसरीकडे छापता येत नाही. आणि यंत्राकडून करून घेतलेला अनुवाद हाही अनुवादच.

या पार्श्वभूमीवर क्रिएटिव्ह कॉमन्सची सर्वात मोठी जमेची बाजू म्हणजे विचारण्याआधीच उत्तर मिळतं. ४.० च्या व्याख्यांच्या कलमात 'रूपांतरित साहित्य' म्हणजे काय ते सांगताना अनुवादाचा उल्लेख नाव घेऊन केला आहे, त्यामुळे 'अनुवाद यात बसतो का' असा वाद उरत नाही. परवाना जगभर लागू आहे, शुल्क नाही आणि तो मागे घेता येत नाही. लेखकाने उद्या मन बदललं, लेख काढून टाकला किंवा नव्या वाचकांसाठी परवाना बदलला, तरी ज्याने आधी परवान्याखाली लेख घेतला त्याचा हक्क शाबूत राहतो. तीनशे ओळींच्या लेखावर चार आठवडे घालवणाऱ्याला ही हमी फार मोलाची आहे.

चार अक्षरजोड्या, सहा परवाने

बाय म्हणजे श्रेय द्या. एसए म्हणजे बदललेलं रूपही त्याच परवान्याखाली द्या. एनसी म्हणजे व्यापारासाठी नको. एनडी म्हणजे बदललेलं रूप लोकांत वाटू नका. या चारांच्या जुळणीतून सहा परवाने होतात. सर्व हक्क सोडून देणारा सीसी झीरो या सहांत मोडत नाही, पण अनुवादकासाठी तो सर्वात सोपा: कायद्याने श्रेयसुद्धा बंधनकारक राहत नाही, आणि तरीही ते द्यावं.

साधा 'बाय' अनुवादकाला हवं ते सगळं देतो. अनुवाद करा, पुस्तकात घ्या, पैसे घेऊन शिकवा, स्वतःच्या अनुवादावर स्वतःला हवा तो परवाना लावा. अट एकच की तुमचा परवाना पुढच्या वाचकाला मूळ परवाना पाळण्यापासून रोखणारा नसावा. इथे तक्रार करण्यासारखं काही सापडत नाही.

'बाय-एसए' बहुतेक वेळा तितकाच चांगला, मात्र तो एक निर्णय तुमच्या हातून काढून घेतो. अनुवाद तुम्हाला बाय-एसए ४.०, त्याची पुढची आवृत्ती किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सने सुसंगत म्हणून जाहीर केलेला परवाना, यांखालीच द्यावा लागतो. सुसंगत परवाने दोनच आहेत: फ्री आर्ट लायसन्स १.३ आणि २०१५ मध्ये जाहीर झालेला जीपीएल ३ हा सॉफ्टवेअरचा परवाना. जीपीएलची वाट एकेरी आहे. बाय-एसए मजकूर जीपीएल ३ कडे नेता येतो, उलट आणता येत नाही. 'मी मेहनत केली, माझ्या अनुवादाचा कुणी धंदा करू नये' म्हणून अनुवादावर एनसी चिकटवणं ही इथली नेहमीची चूक. ते परवान्याचं उल्लंघन आहे, हेतू कितीही सरळ असो.

दुसरी अडचण सरमिसळीची. बाय-एसए लेखातले चार परिच्छेद आणि बाय-एनसी-एसए लेखातले तीन परिच्छेद विणून एकच सलग अनुवादित लेख करता येत नाही, कारण दोन्ही परवाने सबंध लेखावर आपलाच हक्क सांगतात आणि दोघांचं एकदम ऐकता येत नाही. दोन लेख एका संग्रहात शेजारी शेजारी, आपापल्या परवान्यासह ठेवायला मात्र काहीच हरकत नाही. अनुवादमाला काढणाऱ्यांनी एवढा फरक सुरुवातीलाच लक्षात घेतला तर पुढची बरीच डोकेदुखी टळते.

'एनसी' असलेले परवाने वापरता येतात, पण इथे हे साधन अस्पष्ट आहे आणि ते उणेच धरायला हवं. व्याख्या सांगते की वापर मुख्यतः व्यापारी लाभासाठी किंवा आर्थिक मोबदल्यासाठी नसावा. निकष वापराचा आहे, वापरणाऱ्याचा नाही. स्वतःच्या संकेतस्थळावर जाहिरातींशिवाय अनुवाद ठेवला तर प्रश्न नाही. पानावर जाहिराती असतील, अनुवाद सशुल्क अभ्यासक्रमाच्या साहित्यात जाणार असेल, किंवा सेवा विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर गिऱ्हाइकं ओढण्यासाठी छापला जाणार असेल, तर परवान्याचा मजकूर वाचून ठाम उत्तर मिळत नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने ग्रेट माइंड्स विरुद्ध फेडेक्स ऑफिस या खटल्यात ठरवलं की बाय-एनसी-एसए ४.० खालचं साहित्य शाळांसाठी पैसे घेऊन छापून देणाऱ्या दुकानाने परवाना मोडला नाही, कारण वापर शाळांचा होता. त्यातून दिशा कळते. जाहिरातींचं उत्तर मिळत नाही. म्हणून नियम साधा ठेवावा: आसपास कुठेही पैसा फिरत असेल तर लेखकाला एक मेल टाकायचा.

'एनडी' म्हणजे अनुवादकासाठी बंद दार. ४.० मध्ये एक बारीक सुधारणा आहे: स्वतःपुरता अनुवाद करून ठेवायला आता आडकाठी नाही. लोकांपुढे ठेवायला आहे. हे परवाने निवडणारे सगळेच अनुवादाच्या विरोधात असतात असं समजू नये. जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या संकेतस्थळावरचे लेख बाय-एनडी ४.० खाली आहेत, आणि त्याच लेखांचे कितीतरी भाषांतले अनुवाद तिथेच दिसतात. ते प्रकल्पाच्या अनुवाद-व्यवस्थेतून, परवानगीने येतात. एनडी दिसलं की लेख सोडून देण्याआधी विचारून पाहावं.

श्रेयाची ओळ

सर्वात जास्त चुका इथेच होतात. ४.० चं तिसरं कलम काय मागतं ते नीट पाहिलं तर यादी लांब आहे, पण त्यात अवघड असं काही नाही. लेखकाने दिलेलं नाव किंवा टोपणनाव, कॉपीराइटची सूचना, परवान्याचा उल्लेख, हमी नाकारणारी सूचना आणि मूळ लेखाचा दुवा, यांपैकी जे जे लेखकाने पुरवलं असेल ते टिकवायचं. तुम्ही बदल केला आहे हे सांगायचं. आधी कुणी बदल केल्याची नोंद असेल तर तीही ठेवायची. आणि मूळ साहित्य कोणत्या परवान्याखाली आहे ते त्याच्या दुव्यासह लिहायचं. लेखाचं शीर्षक देणं ३.० पर्यंत बंधनकारक होतं, ४.० मध्ये ते नाही. पण शीर्षकाशिवाय मूळ लेख शोधणार कसा? ते द्याच.

एक चालणारा नमुना असा:

'हा लेख "अमुक" या इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद आहे. मूळ लेखक: तमुक. मूळ लेख: (त्या लेखाचा थेट दुवा), १२ मार्च रोजी पाहिलेली आवृत्ती. अनुवाद: (तुमचं नाव). केलेले बदल: मजकूर मराठीत आणला, कोडमधल्या टिपा अनुवादित केल्या, तिसरी आकृती नव्याने काढली. मूळ लेख सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली उपलब्ध आहे (परवान्याचा दुवा). हा अनुवादही त्याच परवान्याखाली आहे. मूळ लेखकाने हा अनुवाद तपासलेला नाही.'

शेवटचं वाक्य शोभेचं नाही. परवान्यात स्पष्ट म्हटलं आहे की लेखकाचा तुम्हाला पाठिंबा आहे असं भासवायची मुभा यातून मिळत नाही. 'अधिकृत अनुवाद' हे शब्द लेखकाने स्वतः दिले असतील तरच वापरावेत. ही ओळ अनुवादाच्या वरच्या बाजूला ठेवावी. तळाशी ठेवली तर कुणी मजकूर उचलून दुसरीकडे डकवताना किंवा पीडीएफ करताना ती हमखास गळून पडते.

जे नेहमी चुकतं ते असं: दुवा लेखाऐवजी संकेतस्थळाच्या मुख्यपानाचा दिला जातो, नुसतंच 'क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली' असं लिहिलं जातं आणि कोणता परवाना, कोणती आवृत्ती हे राहून जातं, 'साभार' एवढ्या एका शब्दावर भागवलं जातं, किंवा अनुवाद असल्याचं कुठेही सांगितलेलंच नसतं आणि लेखकाचं नाव मूळ लेखनासारखं वर झळकतं. हे शेवटचं लेखकावरही अन्याय करतं, कारण तुमच्या अनुवादातली चूक त्याच्या नावावर जमा होते. विशेष म्हणजे ३.० आवृत्तीच्या मजकुरात बदल कसा नोंदवावा याचं उदाहरणच अनुवादाचं दिलं होतं: मूळ कृती इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये अनुवादित केली आहे, असं लिहा.

उलट विनंतीचीही तयारी ठेवावी. लेखकाला तुमचा अनुवाद पसंत पडला नाही तर तो स्वतःचं नाव काढायला सांगू शकतो, आणि ४.० नुसार शक्य तेवढं ते काढावं लागतं. अनुवाद उतरवायला मात्र तो परवान्याच्या आधारे भाग पाडू शकत नाही.

४.० ची आणखी एक सुधारणा मनापासून आवडण्यासारखी आहे. जुन्या आवृत्त्यांत अट मोडली की परवाना तिथल्या तिथे संपायचा आणि आपोआप परत मिळायचा नाही. आता उल्लंघन लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलं तर हक्क आपोआप परत मिळतात. मधल्या काळातल्या उल्लंघनाबद्दल दाद मागण्याचा लेखकाचा हक्क तेवढा राहतो. म्हणून परवाना ३.० किंवा त्याआधीचा असेल तर श्रेयाची ओळ प्रसिद्धीआधी दोनदा तपासावी. ३.० मध्ये देशानुसार बेतलेल्या वेगवेगळ्या प्रतीही होत्या, तेव्हा नेमकी कोणती ते दुव्यावरून पाहून तसंच लिहावं. मूळ लेख बाय-एसए २.० पासूनच्या कोणत्याही आवृत्तीखाली असेल तर अनुवादाला ४.० लावता येतो, कारण त्या आवृत्त्या पुढच्या आवृत्तीची मुभा देतात. १.० मध्ये ती मुभा नव्हती.

लेखातलं कोड

तांत्रिक लेख आणि ललित लेख यांत हक्कांच्या दृष्टीने मोठा फरक कोडचा. क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच सांगतं की हे परवाने सॉफ्टवेअरसाठी वापरू नका. तरी असंख्य लेखांवर एकच बाय-एसए लावलेला असतो आणि कोडचे तुकडेही त्यातच येतात. अनुवाद प्रसिद्ध करायला त्याने अडत नाही. अडतं ते तुमच्या वाचकाचं: तो पंधरा ओळींचं फंक्शन उचलून स्वतःच्या एमआयटी परवान्याच्या (सॉफ्टवेअरसाठीचा एक सैल परवाना) प्रकल्पात टाकतो, आणि नकळत बाय-एसएची अट घरात घेतो. लेखकाला दोन ओळींचं पत्र लिहून कोड वेगळ्या सॉफ्टवेअर परवान्याखाली द्याल का, असं विचारणं ही तुमच्या वाचकाची सेवा आहे.

हे नीट कसं करावं याचा नमुना म्हणजे मोझिलाचं एमडीएन, हे वेब तंत्रज्ञानाची माहिती देणारं संकेतस्थळ. तिथला मजकूर बाय-एसए २.५ खाली आहे. २० ऑगस्ट २०१० पासून आलेले कोडचे नमुने सीसी झीरोने सार्वजनिक केले आहेत, आणि त्याआधीचे एमआयटी परवान्याखाली आहेत. अनुवादकाने श्रेय लिहिताना हे वेगळेपण जसंच्या तसं पुढे न्यायला हवं.

लेखकाने स्वतः स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा तुकडा वापरला असेल तर तोही तपासावा लागतो. तिथलं लेखन ८ एप्रिल २०११ च्या आधीचं असेल तर बाय-एसए २.५, त्या दिवसापासून २ मे २०१८ च्या आधीपर्यंतचं बाय-एसए ३.०, आणि २ मे २०१८ पासूनचं बाय-एसए ४.० खाली येतं. लेखकाचा स्वतःचा परवाना साधा 'बाय' असला तरी या तुकड्यावर त्याचा हक्क नाही, म्हणून त्या तुकड्याचं श्रेय आणि परवाना वेगळा लिहायचा.

कोडमधल्या टिपा अनुवादित करणं हाही बदलच, तो नोंदवायचा. चलांची नावं, कमांड आणि पडद्यावर येणारे त्रुटीसंदेश मुळात आहेत तसेच ठेवावेत, कारण वाचक नेमका तोच संदेश शोधयंत्रात टाकून मदत शोधतो. कोड एमआयटी परवान्याखाली असेल तर कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर मूळ इंग्रजीतच सोबत ठेवायचा. समजण्यासाठी मराठी रूप द्यायचं तर जोडीने द्या, त्याच्या जागी नको.

परवाना दिसतो, पण देणारा कोण?

क्रिएटिव्ह कॉमन्सची खरी मर्यादा इथे आहे, आणि ती मजकुराची नसून वापराची आहे. जे स्वतःचं आहे त्यावरच माणूस परवाना देऊ शकतो. लेखात दुसऱ्या कुणाची आकृती 'परवानगीने' वापरली असेल तर ती परवानगी लेखकाला मिळालेली आहे, तुम्हाला नाही. ती आकृती गाळा, तिच्या मालकाला विचारा किंवा तीच माहिती दाखवणारी आपली आकृती मुळापासून काढा. नुसती मूळ आकृती गिरवून आतले शब्द बदलणं हे रूपांतरच ठरतं. लेखाखालच्या प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांच्या असतात. त्यांतली एखादी उत्तम दुरुस्ती अनुवादात जशीच्या तशी घेता येत नाही. बोधचिन्हं आणि व्यापारचिन्हं या परवान्यांच्या बाहेर आहेत, पेटंटही बाहेर.

कंपनीच्या संकेतस्थळावरचा लेख असेल तर खाली नाव अभियंत्याचं असलं तरी हक्क बहुधा कंपनीकडे असतात. अभियंत्याने मोठ्या मनाने दिलेला होकार तिथे पुरत नाही. पाहुण्या लेखकाचा लेख असेल तर उलट प्रश्न: संकेतस्थळाच्या तळाशी असलेला परवाना त्या लेखाला लागू आहे का? 'अन्यथा नमूद नसल्यास' हे शब्द तळाशी असतील तर लेखाच्या आतही पाहावं. आणि लेख जिथे सापडला तिथेच तो मुळात लिहिला गेला होता याची खात्री करावी. दुसऱ्याने उचलून, वर आपला सीसी परवाना लावून छापलेला लेख कितीही नीटनेटका दिसला तरी तो परवाना पोकळ असतो.

परवाना मागे घेता येत नाही हे खरं, पण तो त्या दिवशी तिथे होता हे दाखवायचं काम तुमचं. अनुवादाला हात घालण्याआधी मूळ पान इंटरनेट आर्काइव्हच्या 'सेव्ह पेज नाऊ' सोयीने जतन करा. लेख रिपॉझिटरीत असेल तर कमिटचा हॅश (त्या नेमक्या आवृत्तीची ओळख सांगणारा क्रमांक) टिपून ठेवा. पाच मिनिटं लागतात. पुढे लेखकाने परवाना बदलून लेखातही भर घातली, तर जुन्या मजकुराचा तुमचा अनुवाद सुरक्षित राहतो आणि नवी भर नव्या अटींखाली येते. कुठे रेघ ओढायची ते हीच नोंद सांगते.

तुलनेसाठी एकच दुसरं साधन: जीएनयू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स. सॉफ्टवेअरच्या जुन्या माहितीपुस्तिका आजही त्याखाली सापडतात. २००८ च्या १.३ आवृत्तीचं आठवं कलम अनुवादाला बदल मानून मुभा देतं, पण 'अपरिवर्तनीय' म्हणून राखलेले भाग अनुवादित रूपाने बदलून टाकायला त्या भागांच्या मालकांची वेगळी परवानगी लागते, आणि परवान्याचा अनुवाद दिला तरी मूळ इंग्रजी मजकूर सोबत ठेवावाच लागतो. एका लेखासाठी एवढा बोजा फार होतो. विकिपीडिया २००९ मध्ये त्यापासून बाय-एसएकडे वळला, यात नवल नाही.

परवानाच नसेल तेव्हा

मग मेल. त्यात स्तुती दोन ओळींपेक्षा जास्त नको. लेखकाला 'हो' म्हणायला सोपं जाईल असं लिहा. कोणते लेख ते प्रत्येकाच्या दुव्यासह. कोणती भाषा. कुठे छापणार, तिथे जाहिराती किंवा शुल्क आहे का. मजकुरात काय बदलणार: उदाहरणं, आकृत्या, कोडमधल्या टिपा. श्रेयाची ओळ नेमकी कशी असेल, ती अख्खी मेलमध्येच लिहा. अनुवाद कोणत्या परवान्याखाली देऊ इच्छिता. पीडीएफ, छापील पुस्तक किंवा चित्रफीत यांचा विचार असेल तर तोही आत्ताच सांगा. आणि शेवटी एक थेट प्रश्न: 'हे हक्क तुमच्याकडेच आहेत ना, की आणखी कुणाला विचारायला हवं?'

उत्तर बरेचदा 'जरूर, करा की!' एवढंच येतं. छान वाटतं, पण त्याचा अर्थ तुमच्या मेलमध्ये लिहिलेल्या गोष्टींपुरताच घ्यायचा. मेलमध्ये 'एक लेख' असेल तर बाकीची मालिका त्यात नाही. 'संकेतस्थळ' असेल तर पुस्तक नाही. आणि ही परवानगी तुम्हाला मिळालेली असते, तुमच्या वाचकांना नाही. 'परवानगीने अनुवादित' लिहून खाली सीसी परवाना लावणं म्हणजे लेखकाने न दिलेलं वाटून टाकणं. म्हणून परवाना लावायचा असेल तर तो प्रश्न मेलमध्ये वेगळ्या ओळीत, ठळक विचारावा. याहून चांगलं म्हणजे लेखकाला सुचवणं की त्याने मूळ लेखाखालीच 'सीसी बाय ४.०' अशी ओळ टाकावी. मग पुढच्या भाषांतल्या अनुवादकांना त्याला विचारावंही लागत नाही.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी. तरीही नाही आलं तर ते 'नाही' समजायचं. मौनाला संमती मानण्याची पद्धत इथे चालत नाही. 'हरकत असल्यास कळवा, नाहीतर छापतो' असं लिहिणं तर नकोच.

तेव्हाही विषय हातातून जात नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदा कराराच्या नवव्या कलमानुसार कॉपीराइट अभिव्यक्तीला असतो. कल्पना, कार्यपद्धती आणि गणिती संकल्पनांना नसतो. बी-ट्री (डेटाबेसच्या इंडेक्समागची एक रचना) कसा चालतो हे कुणाच्याही मालकीचं नाही. ते स्वतः समजून घ्या, वेगळी उदाहरणं घ्या, स्वतःचं कोड लिहा, स्वतःच्या क्रमाने मांडा आणि मूळ लेख 'आणखी वाचा' म्हणून सुचवा. समोर मूळ लेख उघडा ठेवून परिच्छेदामागून परिच्छेद 'आपल्या शब्दांत' उतरवला तर मात्र ते अनुवादाच्याच जवळ जातं.

प्रसिद्ध करताना

क्रिएटिव्ह कॉमन्सचं परवाना निवडण्याचं पान स्वतःच्या लेखासाठी उत्तम आहे: काही प्रश्न, मग मजकूर आणि एचटीएमएल तयार. अनुवादकाची गरज वेगळी, कारण त्याला मूळ कृती आणि तिचं रूपांतर असे दोन थर दाखवायचे असतात. ते पान हे करून देत नाही, श्रेयाची ओळ हातानेच लिहावी लागते. वरचा नमुना उतरवून घेतला तर पुरेल. एचटीएमएलमध्ये परवान्याच्या दुव्याला 'रेल' गुणधर्मात 'लायसन्स' हे मूल्य द्या, म्हणजे शोधयंत्रांना आणि इतर प्रोग्रॅमना तो ओळखता येतो.

कॅनॉनिकल टॅग (मूळ पान कोणतं ते शोधयंत्रांना सांगणारी एचटीएमएलमधली खूण) मूळ लेखाकडे वळवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो; अनुवादासाठी तो चुकीचा आहे. तो टॅग 'हे पान त्या पानाची प्रत आहे' असं सांगतो, आणि तुमचा अनुवाद शोधाच्या निकालांतून गायब होऊ शकतो. अनुवादाचा कॅनॉनिकल त्याच्या स्वतःच्याच पानाकडे ठेवा. भाषांमधलं नातं 'एचरेफलँग' या एचटीएमएलमधल्या गुणधर्माने दाखवता येतं, पण ते दोन्ही बाजूंनी असावं लागतं, म्हणजे मूळ लेखकालाही त्याच्या पानावर तुमचा दुवा घालावा लागतो. परवानगीच्या मेलमध्येच हे विचारून टाका. बहुतेक लेखकांना आपल्या लेखाला दुसरी भाषा मिळाल्याचं दाखवायला आवडतंच.

मूळ लेखात चूक सापडली तर ती अनुवादात गुपचूप सुधारू नका. मूळ विधान तसंच अनुवादित करा, शेजारी 'अनुवादकाची टीप' म्हणून दुरुस्ती लिहा आणि लेखकाला कळवा. त्याने मूळ लेख सुधारला की टीप काढा आणि श्रेयाच्या ओळीतली आवृत्तीची तारीख बदला.